सुट्टीची खेळणी: सेलवर चालणारी की हातावर?

प्रश्न असा आहे: घरात चार वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी, मोठी सुट्टी तोंडावर. मुलीला प्रोग्रॅम करता येणारा रोबो हवाय. आजोबांचं म्हणणं, ठोकळे आणा, पटावरचे खेळ आणा. यंत्राचं घ्यावं की साधं, हे आईवडिलांना ठरवता येत नाही.

आधी सरळ उत्तर. मुलासाठी भरपूर नगांचा ठोकळ्यांचा एक संच, एक जिगसॉ आणि फाशाचा एक सोपा खेळ घ्या. सेलवर चालणारं काही नको. मुलीसाठी प्रोग्रॅम करता येणारं साधन जरूर घ्या, पण आपणहून नाचणारा-बोलणारा रोबो नको. दोघांत मिळून पत्त्यांचे दोन कॅट आणि दोघांनाही झेपेल असा पटावरचा एक खेळ. एवढ्यावर सुट्टी आरामात निघते.

कसोटी दोघांसाठी एकच ठेवा: दहाव्या दिवशी पुढची चाल कोणाची असेल, मुलाची की खेळण्याची? गाणारं, दिवे लुकलुकवणारं खेळणं आपल्या सगळ्या करामती पहिल्या अर्ध्या तासात दाखवून मोकळं होतं. नंतर मुलाने बटण दाबायचं आणि तेच पुन्हा बघायचं, एवढंच उरतं. म्हणून सेल की लाकूड ही विभागणी फार कामाची नाही. किल्लीवर उड्या मारणारा पत्र्याचा बेडूक अगदी साधा असतो आणि त्याची गंमत दोन मिनिटांत संपते. उलट, पंचवीस बारीक दिव्यांचं उघडं सर्किट बोर्ड म्हणजे निखळ यंत्र. पण मुलाने सांगितल्याशिवाय ते एकही दिवा लावत नाही.

ठोकळे: माप आणि नग

लाकडी ठोकळ्यांत मापाला सगळ्यांत जास्त महत्त्व आहे. बालवाड्यांमध्ये वापरतात त्या 'युनिट' ठोकळ्यांची जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणात असते; मूळ ठोकळा साधारण ३.५ × ७ × १४ सेंमी. कॅरोलाइन प्रॅट या अमेरिकी शिक्षिकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रचना रूढ केली. दोन अर्धे मिळून एक पूर्ण, दोन पूर्ण मिळून एक दुप्पट. भिंतीत फट राहिली की मूल कोणी न सांगता अर्धा ठोकळा शोधू लागतं, आणि अपूर्णांकांची ओळख पाटीवर येण्याच्या कितीतरी आधी हाताला होते.

स्वस्त संच फसतात ते कापणीत. प्रत्येक ठोकळ्यात एक मिलिमीटरचा फरक असेल, तर आठ थरांच्या दोन खांबांत आठ मिलिमीटरचा फरक पडतो. वर ठेवलेली फळी घसरते, आणि चूक कापणाऱ्याची असली तरी मुलाला ती आपलीच वाटते. घेण्याआधी एकाच मापाचे चार-पाच ठोकळे सपाट जागेवर शेजारी शेजारी उभे करा आणि वरून बोट फिरवा. बोट अडखळलं तर तो संच परत ठेवा. कडा हलक्या गोल केलेल्या असाव्यात, पण बाजू पूर्ण सपाट हवी. चकचकीत रंगाचा जाड थर असला की ठोकळे एकमेकांवरून घसरतात, आणि काही महिन्यांत टवकेही उडतात.

नगांच्या बाबतीत हात आखडू नका. एका मुलाला साठाच्या खाली पुरत नाहीत. दोघं एकत्र खेळणार असतील तर शंभराच्या आसपास हवेत. पंचवीस नगांत एक घर बांधून होतं आणि खेळ तिथेच अडतो. वीस वेगवेगळे आकार प्रत्येकी दोन-दोन देणारा संच खोक्यावर छान दिसतो, खेळताना निरुपयोगी ठरतो. निम्मे ठोकळे साधे आयताकृतीच असावेत. कमानी, त्रिकोण, नळकांडी हे सगळं सजावटीपुरतं.

एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांना हाच नियम लावा. लेगोच्या दोन बाय चार उंचवट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. म्हणून ठरावीक गाडी किंवा किल्ला बनवणाऱ्या संचापेक्षा सुट्या विटांचं खोकं सुट्टीत जास्त चालतं. ठरावीक संच एकदा जुळला की कपाटावर जातो, आणि मग त्याला हात लावला म्हणून भावंडांत भांडण होतं. चार वर्षांच्या मुलासाठी डुप्लो, म्हणजे लेगोच्याच मोठ्या विटा, घ्या. त्या विटा प्रत्येक बाजूने दुप्पट असतात आणि लहान विटांशी जुळतातही, त्यामुळे बहिणीच्या इमारतीचा पाया भावाला घालता येतो. नकली विटा घेताना दोन विटा जोडून सोडवून बघा. सोडवायला दात वापरावेसे वाटले तर नको, आणि उलटी धरल्यावर खालची गळून पडली तरी नको.

चुंबकी टाइल्सना चार वर्षांच्या मुलाकडून चांगला प्रतिसाद मिळतो, कारण घर पटकन उभं राहतं. पण त्यांची तपासणी कडक हवी. चुंबक प्लास्टिकच्या कडेत बंद असतात. दोन्ही बाजू केवळ गोंदाने चिकटवल्या असतील तर एक-दोन वेळा पडल्यावर शिवण उघडते आणि चुंबक बाहेर येतो. कोपऱ्यांत धातूचे रिव्हेट असलेल्या, किंवा शिवण नखाने जराही न उकलणाऱ्या टाइल्स घ्या. तडा गेलेली टाइल चिकटवत बसू नका, टाकून द्या. एकाहून जास्त चुंबक गिळले गेले, तर आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांतून ते एकमेकांना ओढतात, मधल्या भिंती चिमटल्या जातात आणि आतड्याला भोक पडतं. सुरुवातीची लक्षणं साध्या पोटदुखीसारखी असल्याने ओळखायला उशीर होतो. बारीक गोळ्यांसारखे शक्तिशाली चुंबक मोठ्यांच्या टेबलावरचं खेळणं म्हणून विकतात. लहान मुलं असलेल्या घरात ते आणूच नयेत.

जिगसॉबद्दल थोडक्यात. चार वर्षांच्या मुलाला २४ ते ४८ तुकडे, नऊ वर्षांच्या मुलीला २०० ते ३००. आकड्याइतकंच चित्र महत्त्वाचं. चित्रात बारीकसारीक वस्तू आणि वेगवेगळे रंग असतील तर काम पुढे सरकतं. अर्धं चित्र निळं आकाश असेल तर ४८ तुकड्यांतही मोठी माणसं रडकुंडीला येतात. घरात दोन-तीन जिगसॉ असतील तर पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या तुकड्यांच्या मागे वेगळी खूण करा. कंटाळवाणं काम आहे, पण चौथ्या दिवशी सगळे तुकडे एकत्र होतात तेव्हा तेच वाचवतं.

फासा, पत्ते आणि पट

सापशिडीत एकही निर्णय नसतो म्हणून ती कुचकामी, असं काही पालक म्हणतात. चार वर्षांच्या मुलासाठी तसं नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये दाखवलं की, १ ते १० आकडे एका ओळीत असलेल्या पटावर थोडेच दिवस खेळल्यावरही बालवाडीतल्या मुलांची आकड्यांची समज सुधारते. यात एक बारकावा आहे. सोंगटी ५ वर आहे आणि फाशावर २ पडले, तर मुलाने 'एक, दोन' न म्हणता 'सहा, सात' असं घरांवरचे आकडे म्हणत पुढे जायचं. फायदा त्या म्हणण्यात आहे. नेहमीची चूक म्हणजे सोंगटी ज्या घरात उभी आहे तेच घर पहिलं मोजणं. बोट धरून 'उडी मारली की एक' असं दोन-चारदा करून दाखवलं की ती जाते. शंभर घरांचा पट चार वर्षांच्या मुलाला लांब पडतो. तिसाव्या घरावर रेघ मारा आणि तिथेच जिंकलं म्हणा.

ल्युडो याच कारणाने रखडतो. प्रत्येकी चारऐवजी दोन सोंगट्या घ्या, आणि सहाप्रमाणेच एक पडला तरीही सोंगटी बाहेर काढू द्या. डाव वीस मिनिटांत बसतो. नियम बदलले तर ते डाव सुरू होण्याआधी बदला. हरणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आल्यावर बदललेला नियम मोठ्या बहिणीला अन्याय वाटतो, आणि तिचं बरोबर असतं.

जोड्या लावण्याच्या स्मरणखेळात चार वर्षांच्या मुलासाठी आठ ते दहा जोड्या पुरेत. पत्ते ओळीत आणि रांगेत मांडा, पसरून ठेवू नका. जागा लक्षात ठेवायला चौकट लागते. हा अशा थोड्या खेळांपैकी आहे जिथे लहान मूल मोठ्यांना खरोखर हरवतं, त्यामुळे मुद्दाम हरण्याचं नाटक करावं लागत नाही.

पत्त्यांचा कॅट ही सगळ्यांत कमी खर्चाची आणि सगळ्यांत जास्त वर्षं चालणारी वस्तू. चार-पाच वर्षांना भिकार-सावकार, सहा-सात वर्षांना बदाम सात, आठ-नऊ वर्षांना झब्बू आणि चॅलेंज, चौघं जमले तर मेंढीकोट. दोन कॅट यासाठी, की एकातले दोन पत्ते हरवणारच. दोन्हीच्या पाठीची नक्षी सारखी घ्या, म्हणजे एकाचं दुसऱ्याला लावता येतं. लहान हातांत सात-आठ पत्ते मावत नाहीत आणि मूल चिडून ते उघडे टाकतं. दोन गोल प्लास्टिकची झाकणं पाठीला पाठ लावून मधोमध स्टेपल करा, स्टेपलवर चिकटपट्टी लावा. कडेच्या फटीत पत्ते पंख्यासारखे उभे राहतात. नाहीतर विटांची एक ओळ जोडून त्यात खाच ठेवली तरी चालतं.

मुलीसाठी पटावरचा खेळ निवडताना खोक्यावर आधी खेळाडूंची संख्या वाचा. रोज खेळायला घरात दोघीच असतील, आई आणि मुलगी, तर 'तीन ते चार खेळाडू' लिहिलेला खेळ कितीही नावाजलेला असला तरी कपाटात बसेल. कॅटान हा त्याचा ठळक नमुना: खेळ उत्तम, पण मूळ संचाला किमान तिघं लागतात. दोघांनाही चालणारे आणि नियम पाच मिनिटांत सांगून होणारे खेळ म्हणजे ब्लोकस (आपल्या रंगाचे तुकडे फक्त कोपऱ्याला कोपरा लावून ठेवायचे), क्वर्कल (सहा रंग, सहा आकार, एकूण १०८ सोंगट्या) आणि कार्कासोन (रस्ते, शहरं जोडत नकाशा वाढवायचा). ब्लोकसमध्ये दोघं असतील तर प्रत्येकी दोन रंग घ्यायचे. क्वर्कलमध्ये धाकट्यालाही घेता येतं: गुण मोजू नका, रंग-आकार जुळवण्यापुरतं खेळा.

खोक्यावर सोंगटीच्या आकाराचं एक चिन्ह दिसलं तर तो जर्मनीतला दरवर्षीचा पुरस्कार आहे. कौटुंबिक खेळांना लाल, लहान मुलांच्या खेळांना निळी, आणि सरावलेल्यांसाठी गडद करडी सोंगटी. निवडीला बरी मदत होते. वयाचा आकडा मात्र सैल घ्या. पटावरच्या खेळांवर '१४+' लिहिलेलं असतं ते पुष्कळदा मुलांच्या वस्तूंना लागणाऱ्या चाचण्या टाळण्यासाठी. नियम तेवढे अवघड असतातच असं नाही. उलट तीन वर्षांखालचं चिन्ह, म्हणजे काट मारलेला छोटा चेहरा, अजिबात सैल घेऊ नका. तिथे प्रश्न हुशारीचा नसून श्वासनलिकेचा आहे.

खेळाडू बाद होत जाणारे खेळ टाळा. बाद झालेलं मूल वीस मिनिटं काय करणार, तर पट उधळणार. नवा खेळ शिकवताना पहिला डाव पत्ते उघडे ठेवून खेळा आणि गुण धरू नका. नियमपुस्तिका आदल्या रात्री मोठ्यांनी वाचून ठेवावी. मुलांना टेबलाशी बसवून पुस्तिका उघडली की दहा मिनिटांत टेबल रिकामं होतं.

यंत्राची खेळणी: कुठे नको, कुठे हवीत

लहान वयात सेलवरचं खेळणं नको म्हणतो त्यामागे नुसती जुन्या माणसांची कुरकुर नाही. संशोधक ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांच्या २६ बाळांचं पालकांबरोबरचं खेळणं घरी ध्वनिमुद्रित केलं. डिसेंबर २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बोलणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी हातात असताना पालक कमी शब्द बोलले आणि बाळाचे हुंकार-प्रतिसादही कमी झाले. पुस्तकं आणि साधी खेळणी असताना बोलणं वाढलं. कारण उघड आहे: खेळणं बोलायला लागलं की माणूस गप्प बसतो. चार वर्षांचं मूल बाळ नाही, पण तेव्हाही गप्पांतूनच भाषा वाढते. पडद्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ठरवलेली मर्यादा लक्षात ठेवा: दोन वर्षांखाली अजिबात नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाहून जास्त नको, कमी असेल तर उत्तम. 'शैक्षणिक' टॅब्लेट खेळण्यांच्या कपाटात ठेवला म्हणून त्यातून सुटत नाही.

आता मुलीचा रोबो. बाजारात तीन जाती आहेत आणि जाहिरातीत तिन्ही सारख्याच दिसतात.

पहिली, पाठीवर बाणांची बटणं असलेली. बी-बॉट हे त्यातलं शाळांमधून रुळलेलं नाव: एका बटणाला १५ सेंमी पुढे किंवा मागे, वळणाच्या बटणाला ९० अंश. पाच ते सात वर्षांना हे अगदी योग्य. नऊ वर्षांच्या मुलीला दोन दिवसांत पुरतं कळून जाईल. धाकट्याला वर्षभराने घेणार असाल तर तीन गोष्टी आत्ताच माहीत असू द्या. 'डावीकडे' दाबल्यावर तो जागच्या जागी वळतो, डावीकडे सरकत नाही. प्रत्येक मूल इथे अडखळतं, म्हणून आधी मुलालाच रोबो बनवून जमिनीवर चालवा. आधीच्या सूचना पुसायचं बटण दाबलं नाही तर नव्या सूचना जुन्यांच्या शेपटीला जोडल्या जातात आणि रोबो 'वेडा झाला' असं वाटतं. आणि गालिच्यावर चाकं घसरून वळण ९० अंशांचं राहत नाही. गुळगुळीत फरशीवर खडूने १५ सेंमीच्या चौकटी आखा.

दुसरी, काळ्या रेषेवरून चालणारी आणि रंगांच्या खुणांवरून आज्ञा ओळखणारी छोटी यंत्रं. सहा ते दहा वर्षांना मजा येते, धाकट्यालाही रेघा ओढून सामील होता येतं. रेषा ५-६ मिलिमीटर जाड लागते. बारीक पेनाची रेष त्याला दिसत नाही आणि जाडी कमीजास्त झाली की ते भरकटतं. उन्हाच्या तिरिपेत, किंवा कागद बदलल्यावर, सेन्सर नव्याने जुळवून घ्यावा लागतो. कशाने, ते पुस्तिकेत असतं आणि ते पान कोणी वाचत नाही. जाड टोकाचे काळा, लाल, निळा, हिरवा असे मार्कर जास्तीचे आणा.

तिसरी, उघडं सर्किट बोर्ड. नऊ वर्षांच्या मुलीसाठी माझं मत इथेच पडतं. मायक्रो:बिट हे २०१६ पासून मुलांसाठी उपलब्ध असलेलं बोर्ड: ५ × ५ दिवे, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर, होकायंत्र आणि रेडिओ; २०२० नंतरच्या आवृत्तीत माइक आणि स्पीकरही. संगणकावर चित्रांचे तुकडे जोडून प्रोग्रॅम लिहायचा आणि केबलने बोर्डावर उतरवायचा. एकाऐवजी दोन बोर्डं घ्या. एकावर दिवे लावून होतात आणि आठवड्यात मुलगी थांबते. दोन असली की रेडिओवरून गुप्त संदेश पाठवता येतात, आणि मग भाऊ, मैत्रीण, आजोबा सगळे ओढले जातात. क्रम असा ठेवा: पहिल्या दिवशी नाव झळकवणं, मग हलवल्यावर पडणारा फासा (तोच ल्युडोला वापरता येतो), मग पायाला बांधून पावलं मोजणं, मग रेडिओ. पावलं मोजताना आकडा फुगतो किंवा कमी येतो. किती झटका म्हणजे एक पाऊल, हा आकडा स्वतः चाळवत बसणं हाच त्यातला खरा धडा, तो दुरुस्त करून देऊ नका.

बोर्ड 'बिघडलंय' म्हणून परत येतं त्याचं नेहमीचं कारण केबल. घरात पडलेल्या पुष्कळ केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही: दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. माहिती वाहणारी केबल वेगळी खूण करून ठेवा. दोन ट्रिपल-ए सेलचा डबा लागतो, तो संचात आहे का बघा. बोर्ड लोखंडी टेबलावर किंवा नाण्यांवर ठेवून चालू करू नका. खालचे उघडे जोड एकमेकांना भिडतात.

घरात संगणक नसेल तर स्क्रॅचसारखं काही, ज्यात असेच तुकडे जोडून प्रोग्रॅम लिहितात, टॅब्लेटवर चालतं. लहानग्यांसाठीचं स्क्रॅच ज्युनियर पाच ते सात वर्षांना धरून बनवलेलं आहे, मोठं स्क्रॅच आठच्या पुढच्यांना. दोन्ही फुकट.

बोलक्या, इंटरनेटला जोडलेल्या रोबोंना नको म्हणतो त्याची दोन कारणं. एक, त्यांचा जीव कंपनीच्या सर्व्हरमध्ये असतो. घरगुती छोटे रोबो बनवणारी अँकी ही कंपनी २०१९ मध्ये बंद पडली. मुलांशी बोलणारा मॉक्सी रोबो बनवणाऱ्या कंपनीने २०२४ च्या अखेरीस गाशा गुंडाळला, आणि मुलांना आपला सोबती आता गप्प होणार हे समजावण्याची वेळ पालकांवर आली. घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: इंटरनेट बंद करून हे खेळणं काय काय करू शकतं? उत्तर 'काहीच नाही' असेल तर ते विकत घेतलेलं नसून भाड्याने आणलेलं समजा. दुसरं कारण माइक. जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने २०१७ मध्ये 'माय फ्रेंड केला' ही बोलकी बाहुली लपवलेलं हेरगिरीचं साधन ठरवून तिच्यावर बंदी घातली, कारण ब्लूटूथवर कोणीही बाहेरून तिला जोडून घेऊ शकत होतं. तरीही असं खेळणं घरात आलंच तर आधीचा पासवर्ड बदला, मुलाचं खरं नाव आणि जन्मतारीख भरू नका, आणि रात्री ते झोपण्याच्या खोलीत ठेवू नका. जोडणीच होत नसेल तर वायफाय तपासा: अशी बरीचशी खेळणी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि ५ गिगाहर्ट्झचं जाळं त्यांना दिसतच नाही.

रिमोटच्या दोन गाड्या घेणार असाल तर २.४ गिगाहर्ट्झच्याच घ्या. जुन्या धर्तीच्या २७ मेगाहर्ट्झवाल्या एकाच वारंवारतेच्या दोन गाड्या एका रिमोटने एकदमच धावतात, आणि शर्यत व्हायच्या आत मारामारी होते.

दुर्बीण आणि मायक्रोस्कोप

हा भाग वेगळा काढला, कारण इथे खोक्यावरचा आकडा सरळ दिशाभूल करतो. दुर्बिणीवर '५२५ पट' लिहिलेलं असतं. दुर्बिणीची उपयोगी वाढ तिच्या पुढच्या भिंगाच्या व्यासावर ठरते: मिलिमीटरमधल्या व्यासाची साधारण दुप्पट. ६० मिमी भिंग असेल तर १२० पटींपुढे चित्र मोठं होतं, पण धूसर आणि काळवंडलेलं. त्यात तिपाई डळमळीत असली की चंद्र नजरेत राहत नाही. किमान ७० मिमी भिंग आणि हात लावल्यावर एक-दोन सेकंदांत स्थिर होणारी तिपाई मिळत नसेल, तर साधी ७ × ५० (७ पट वाढ, ५० मिमी भिंग) किंवा ८ × ४० ची दुनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या. पक्ष्यांनाही चालते, चंद्रालाही. आणि सूर्याकडे कधीही रोखायची नाही. डोळा क्षणात कायमचा जातो.

मायक्रोस्कोपचंही तसंच. १२०० पट लिहिलेल्या प्लास्टिकच्या मायक्रोस्कोपमध्ये ४० आणि १०० पटीच खरं काम करतात. मुंगीचा पाय, कांद्याची साल, कापडाचे धागे यांना त्याच पुरतात. चार वर्षांच्या मुलाला मात्र ३ ते ५ पटींचं मोठं हातभिंगच द्या. एका डोळ्याने नळीत बघणं त्याला जमत नाही.

सेल, आवाज आणि बाकीचे धोके

नाण्यासारखा चपटा बटण सेल हा या सगळ्या विषयातला सर्वांत गंभीर भाग. २० मिमी व्यासाचा ३ व्होल्टचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यातून वीज वाहते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. 'संपलेला' सेलही हे करतो. म्हणून सेलचा कप्पा स्क्रूनेच उघडणारा हवा. नुसत्या अंगठ्याने सरकणारं झाकण असेल तर ते खेळणं नाकारा. गाणारी शुभेच्छापत्रं, चमकणाऱ्या अंगठ्या, छोटे रिमोट यांतही तोच सेल असतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला न लावता तडक रुग्णालयात न्यायचं आणि एक्स-रे काढायला सांगायचं.

सुट्या भागांसाठी प्रयोगशाळेत ३१.७ मिमी व्यासाची नळी वापरतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा जो भाग तिच्यात पूर्ण मावतो तो नापास. घरी टॉयलेट पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी वापरली तर ती थोडी रुंद पडते, म्हणजे चूक सावधगिरीच्या बाजूला होते. चेंडूंना वेगळी मर्यादा आहे, ४४.५ मिमी. तुमचा मुलगा चारचा आहे, पण सुट्टीत पाहुण्यांबरोबर रांगणारं बाळ येतं. त्या दिवशी गोट्या आणि बारीक विटा वरच्या फळीवर. फुगे फुगवलेले असताना निरुपद्रवी, फुटल्यावर मात्र प्रत्येक चिंधी उचला. पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर आणूच नका: गिळल्यावर ते पोटात फुगून आतडं अडवतात, आणि एक्स-रेवर सहसा दिसत नाहीत.

साध्या सेलबद्दल. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल सेल घ्या, पण ते १.२ व्होल्टचे असतात आणि अल्कलाइन १.५ चे. चार सेलच्या खेळण्याला सहाऐवजी ४.८ व्होल्ट मिळतात. बहुतेक मोटारी चालतात, काही नखरेल खेळणी 'सेल संपला' म्हणून कुरकुरतात. जुने-नवे एकत्र घालू नका: कमकुवत सेल उलटा भरला जातो आणि गळतो. कप्प्यात पांढरी पूड दिसली तर हातमोजे घालून सेल काढा, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पत्र्या पुसा, कोरड्या करा. फेकून द्यायला निघालेली कित्येक खेळणी एवढ्याने सुरू होतात. सुट्टी संपली की सेल काढूनच खेळणं ठेवा.

आणल्यावर

यंत्राची वस्तू देण्याच्या आदल्या रात्री उघडा, पूर्ण चार्ज करा, अपडेट उतरवून घ्या, खातं उघडायचं असेल तर उघडा, मग खोकं पुन्हा बंद करा. सगळ्यांसमोर खोकं उघडून पाऊण तास 'डाउनलोड होत आहे' बघत बसणं हा उत्साह मारण्याचा हमखास मार्ग आहे.

सगळं एकदम देऊ नका. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात, समोर सोळांऐवजी चारच खेळणी असताना दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. मोठ्या मुलांनाही गर्दी मानवत नाही. पहिल्या दिवशी ठोकळे आणि पत्ते, तीन-चार दिवसांनी बोर्ड, दुसऱ्या आठवड्यात पटावरचा खेळ. जिगसॉ राखून ठेवा. आजारपणाच्या किंवा पावसाच्या दिवशी तो कामी येतो. आठवड्याने दोन खेळणी आत, दोन बाहेर. ठोकळ्यांचं बांधकाम मात्र रोज मोडायला लावू नका. दोन-तीन दिवस एक कोपरा त्यांना सोडून द्या, कारण वाढत जाणारं शहर रोज संध्याकाळी टोपलीत गेलं तर ते कधीच शहर होत नाही.

आणि नातेवाइकांकडून कर्कश गाणारं काहीतरी येणारच. स्पीकरच्या जाळीवर पारदर्शक चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा, आवाज बराच खाली येतो. तेवढ्याने भागलं नाही तर सेल काढून द्या. चार वर्षांचं मूल गाडीचा आवाज तोंडाने काढतं.